मदत हवी आहे : छायाचित्रात ध्रुवतारा ठिपक्याऐवजी कोरीसारखा उमटला आहे

नमस्कार. ताऱ्यांच्या भ्रमणाचे छायाचित्र घेताना मला एक कोडे पडले असून ते सोडवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

परवा आकाश निरभ्र असताना मी कॅमेरा तिवईवर बसवून उत्तरेकडे रोखला आणि प्रत्येकी ३० सेकंदांची २४० छायाचित्रे सलग घेतली. दोन तासांची ही छायाचित्रे संगणकावर एकावर एक रचल्यावर ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषा अपेक्षेप्रमाणे उमटल्या. परंतु मधोमध जो ध्रुवतारा ठिपक्यासारखा स्थिर दिसेल असे मी धरून चालले होते, तोही चित्र मोठे करून पाहता कापलेल्या नखासारखी बारीक कोर होऊन उमटला आहे, आणि ज्या काळ्या रिकाम्या जागेभोवती बाकीच्या सर्व रेषा फिरतात, ती जागा त्याच्या शेजारी आहे.

तारा ओळखण्यात चूक झालेली नसावी. सप्तर्षींतील पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा त्या दोघांमधील अंतराच्या सुमारे पाचपट पुढे वाढवून मी तो शोधला, आणि त्याची क्षितिजापासूनची उंचीही माझ्या अक्षांशाशी जवळपास जुळते. ‘अढळ’ हे विशेषण लहानपणापासून ज्याच्याशी जोडलेले ऐकले, तोच तारा सरकलेला पाहून प्रथम तिवईवरच संशय आला. तिवई हलली असेल, तर ते चित्रावरून कसे ओळखावे? आणि ताराच फिरत असेल, तर खरा ध्रुवबिंदू, म्हणजे ज्याभोवती सगळे आकाश फिरताना दिसते तो बिंदू, त्याच्यापासून किती अंतरावर व कोणत्या बाजूस धरावा? लवकरच मी इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवत नेणारा आधार, वापरणार आहे. त्याचा अक्ष नेमका ध्रुवबिंदूकडे असावा लागतो, म्हणून हे मला केवळ कुतूहलापोटी नव्हे, तर कामासाठी समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद :

आपल्या तिवईचा दोष दिसत नाही. ती मध्येच हलली असती, तर एकूण एक रेषा त्याच क्षणाशी तुटलेली किंवा वाकडी झालेली दिसली असती.

ध्रुवतारा सध्या खगोलीय ध्रुवबिंदूपासून सुमारे ३८ कला, म्हणजे अंशाच्या दोन तृतीयांशापेक्षा थोडा कमी, दूर आहे. त्यामुळे तो रोज जे लहानसे वर्तुळ काढतो, त्याचा व्यास पूर्णचंद्राच्या अडीचपट भरतो. दोन तासांत प्रत्येक तारा या बिंदूभोवती ३० अंशांनी फिरतो, आणि आपल्याला दिसलेली कोर हा त्याच वर्तुळाचा बारावा भाग आहे. पडताळा घ्यायचा असल्यास ध्रुवमत्स्याच्या, म्हणजे ज्या तारकासमूहाच्या एका टोकाला ध्रुवतारा आहे त्याच्या, दुसऱ्या टोकाचा नारिंगी छटेचा तारा, म्हणजे कोचाब, चित्रात शोधा. तो ध्रुवबिंदूपासून सुमारे १६ अंशांवर असल्याने त्याची रेषा ध्रुवताऱ्याच्या रेषेच्या साधारण २५ पट लांब असायला हवी.

दिशेसाठीही कोचाबच उपयोगी पडतो, कारण ध्रुवबिंदू ध्रुवताऱ्याकडून कोचाबकडे जाणाऱ्या रेषेच्या अगदी जवळ आहे. कोचाब ध्रुवताऱ्याच्या वर असेल तेव्हा ध्रुवबिंदूही त्याच्या किंचित वर, आणि कोचाब डावीकडे असेल तेव्हा तोही डावीकडे धरावा. शर्मिष्ठा हा तारकासमूह साधारण याच्या विरुद्ध बाजूस असतो. माउंटचा अक्ष थेट ध्रुवताऱ्यावरच रोखला, तर वाईटात वाईट स्थितीत चित्रातला तारा तासाला सुमारे १० कला सरकेल; रुंद दृश्यक्षेत्राच्या भिंगाने घेतलेल्या मिनिटभराच्या छायाचित्रात ते जाणवत नाही, मात्र लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीतून लगेच जाणवते.

हे अंतर कायमचे नाही. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे, म्हणजे भोवऱ्यासारख्या संथ डोलण्यामुळे, जिचे एक आवर्तन सुमारे २६,००० वर्षांचे आहे, ध्रुवबिंदू ताऱ्यांमधून सरकत राहतो. इ.स.पू. २८०० च्या सुमारास कालेय तारकासमूहातील थुबन हा ध्रुवतारा होता. आजचा ध्रुवतारा अजून ध्रुवबिंदूच्या जवळ येतो आहे आणि इ.स. २१०० च्या सुमारास तो सर्वांत जवळ, अर्ध्या अंशाहूनही कमी अंतरावर असेल.

मूळ प्रश्नकर्ती :

मनापासून आभार. संगणकावर दोन्ही रेषा मोजल्या. कोचाबची रेषा ध्रुवताऱ्याच्या रेषेच्या २४ ते २५ पट भरली आणि एकही रेषा मध्ये तुटलेली आढळली नाही. ढग नसतील, तर आज रात्रीच अक्ष ध्रुवताऱ्यापासून कोचाबच्या दिशेने किंचित सरकवून लावून पाहते.