वाइन: गुणांपलीकडचा आनंद कसा मोजता? (अनुभव धागा)

धागाकर्ता

९२ गुणांची बाटली समोर असते आणि दुसरा ग्लास भरावासा वाटत नाही. उलट शेनिन ब्लाँ या साध्या व्हाइट वाइनची बाटली बघता बघता रिकामी होते. अमेरिकन वाइन समीक्षक रॉबर्ट पार्करने रूढ केलेली १०० गुणांची पद्धत मुळात ५० पासून सुरू होते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातली २० गुणांची पद्धत तर दोष पकडण्यासाठीच बेतलेली. मजा किती आली याला तिथे फारशी जागा नाही.

इथे पहिल्या घोटाच्या आठवणी नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू. आनंद कसा नोंदवता, नोंद कुठे फसते आणि कशामुळे, तेवढं लिहा.

ओलीसुकी

दोन रकाने ठेवा, दर्जा आणि आनंद. त्यांची बेरीज कधीही करू नका, सगळा घोळ तिथेच होतो.

वाइनचं नाव आणि किंमत लपवायला बाटली कागदात गुंडाळून भागत नाही, खांद्याच्या उतारावरून आणि झाकणावरून जाणकार ओळखतातच. न चाखणाऱ्या माणसाने वाइन पाण्याच्या एकसारख्या जगमध्ये ओतून जगांना आकडे द्यावेत. ग्लास एकाच आकाराचे, प्रत्येकात ४० मिली. एका बैठकीत पाच-सहा वाइन पुरे, त्यापुढे जीभ थकते आणि जी सगळ्यात गोड किंवा दणकट तीच वर येते.

पहिला घोट घेतल्यावर दहा सेकंदांत आनंदाचा आकडा लिहायचा, ० ते १०. पेरू, मिरी, ओलं लाकूड असले शब्द त्याआधी मनातसुद्धा आणायचे नाहीत. वास ओळखायच्या नादाला लागलात की परीक्षक जागा होतो आणि आकडा त्याचा पडतो. दर्जाचा रकाना नंतर भरा: तोल, चव किती वेळ रेंगाळते, दोष. वीस मिनिटांनी त्याच ग्लासला पुन्हा आनंदाचा आकडा द्या. ओकच्या लाकडी पिंपातून आलेला व्हॅनिलासारखा वास सुरुवातीला भुरळ घालतो आणि दुसऱ्या फेरीत बऱ्याचदा दोन आकड्यांनी घसरतो.

एक वाइन दोन वेगळ्या आकड्यांखाली दोनदा ठेवा. तिच्या दोन नोंदींत दोनपेक्षा जास्त फरक पडला, तर त्या संध्याकाळचा कागद फाडून टाका. प्रत्येकाचा क्रमही वेगळा हवा, कारण पहिल्या ग्लासला उगाच झुकतं माप मिळतं आणि तुरट रेडनंतर कुठलीही व्हाइट पाणचट लागते.

शेवटी कोणत्या जगमध्ये कोणती वाइन ते सांगून जग जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि तासाभराने उरलेली वाइन मोजा. कागदावरचे आकडे आणि जगमधली पातळी जुळत नसेल, तर मी पातळीवर विश्वास ठेवतो.

धागाकर्ता

किंमत लपवून खरंच इतका फरक पडतो?

ओलीसुकी

पडतो. २००८ साली कॅलिफोर्नियात मेंदूचे स्कॅन घेत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. तीनच वाइन पाच वेगवेगळ्या किमती सांगून दिल्या होत्या. तीच वाइन महाग म्हणून दिली की जास्त आवडली आणि मेंदूतल्या सुखाशी जोडलेल्या भागाची हालचालही वाढली. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना आनंद खरोखरच जास्त झाला होता. म्हणून पाहुण्यांना किंमत खुशाल सांगा, पण स्वतःच्या वहीसाठी झाका.

बर्फाची बादली

तापमान न लिहिलेली नोंद माझ्या लेखी बाद. आपल्याकडचं 'रूम टेंपरेचर' म्हणजे नाशिकचा एप्रिल. २८ अंशांना रेडमधलं अल्कोहोल नाकात जातं, फळाचा वास दबतो आणि शिराझसारख्या बिचाऱ्या रेडवर 'जळजळीत' असा शेरा बसतो. रेड फ्रीजमध्ये गार करून १६ ते १८ अंशांवर प्या. व्हाइट ८ ते १२, फेसाळ ६ ते ८. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ, वीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ बाटलीला नीट चिकटत नाही, पाणी हवंच. फ्रीजमधून थेट काढलेली व्हाइट मुकी असते, तिला पंधरा मिनिटं बाहेर ठेवून मग आकडा द्या.

दिंडोरी रोड

द्राक्षाच्या बाजूने थोडं. एप्रिलात फांद्या वाढवायची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ धरायची गोडी छाटणी, आणि वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च उतरतात. थंडीच्या रात्रींमुळे आंबटपणा टिकतो. फेब्रुवारीअखेर ऊन चढलं की साखर पळत वर जाते आणि आम्ल खाली येतं. आंबटसर, तजेलदार व्हाइट आवडत असेल तर हे लक्षात ठेवा. आपल्याकडची शेनिन आणि सोव्हिन्यॉ ब्लाँ या व्हाइट वाइन लेबलावरचं सर्वात ताजं साल बघून घ्या. जुनी म्हणजे भारी हा हिशेब इथे उलटा पडतो.

दुकानात काचेजवळ उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, खोक्यातली मागा. बूच तोंडातून वर आलेलं दिसलं किंवा कडेने ओघळ असला, तर बाटली तापलेली आहे. त्यातून शिजलेल्या जॅमची चव येणार.

ओलीसुकी

+१. आवडली नाही आणि बिघडली आहे, यांतला फरकही आधी करा. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बुचाचा दोष, तो हवा दिल्याने जात नाही, उलट वाढतो. सडक्या अंड्याचा वास मात्र जगमध्ये जोरात ओतून दहा मिनिटं ठेवल्यावर पुष्कळदा उडतो. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास किंवा व्हाइटला काळवंडलेल्या सफरचंदाची चव आली, तर आनंदाचा रकाना कोराच सोडा. शून्य लिहिलंत की ती द्राक्षाची जात कायमची बदनाम होते.

गोडामसाला

एकट्या वाइनचा आकडा आणि जेवणासोबतचा आकडा वेगळा लिहा. मीठ आणि स्निग्ध पदार्थ तुरटपणा झाकतात, म्हणून चीज किंवा खारे दाणे खात चाखलेल्या रेडला फुकटचे गुण पडतात.

तांबड्या रश्श्याबरोबर १४ टक्क्यांची रेड म्हणजे आगीत तेल, तिखट आणि अल्कोहोल एकमेकांची जळजळ वाढवतात. तिथे किंचित गोड, चांगली गार शेनिन द्या. बांगड्याबरोबर रेड नकोच, माशाचं तेल आणि वाइनमधलं लोह मिळून तोंडात धातूची, उग्र माशाची चव राहते. तळलेल्या बोंबलाला ब्रूट, म्हणजे गोड नसलेली फेसाळ वाइन, किंवा सोव्हिन्यॉ ब्लाँ. भरल्या वांग्याला फळांची चव असलेली, कमी तुरट शिराझ चालते. पुरणपोळीपुढे कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन नुसती आंबट लागते. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, म्हणून लेट हार्वेस्ट शेनिन (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड), तीही ६० मिलीच.

ऱ्हाईनकाठचा

जर्मनीतल्या मंडळींसाठी: रीसलिंग या व्हाइट वाइनच्या लेबलावर 'ट्रोकन' (कोरडी) असेल तर साखर लिटरला ९ ग्रॅमपर्यंत, 'हाल्बट्रोकन' (अर्धकोरडी) १८ पर्यंत. काहीच लिहिलेलं नसेल तर अल्कोहोल बघा. मोझेल खोऱ्यातली काबिनेट, म्हणजे हलक्या प्रकारची रीसलिंग, ८-९ टक्क्यांची असली, की साखरेचा काही भाग आंबलाच नाही, म्हणजे गोडवा शिल्लक आहे. मिसळीबरोबर तीच हवी. आंबटपणा इतका चोख असतो की गोडी अंगावर येत नाही. इथले मराठी लोक 'गोड वाइन म्हणजे नवशिक्यांची' म्हणून तिला टाळतात, ते त्यांचं त्यांच्यापाशी.

धागाकर्ता

उरलेल्या वाइनची पुन्हा नोंद घ्यायची तर?

बर्फाची बादली

उरलेली वाइन लगेच ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा, रेडसुद्धा. अर्धी रिकामी मोठी बाटली तशीच ठेवली तर आतली हवाच ती खराब करते. तीन दिवसांच्या आत चाखा, रेड आधी पाऊण तास बाहेर काढून. फेसाळला दाबाचं झाकण लागतं आणि तीही दुसऱ्या दिवशीच संपवा. बाटलीच्या तोंडात चमचा लटकवून फेस टिकत नाही.