मदत हवी आहे : व्हीएम (संगणकात चालणारा आभासी संगणक) दुसऱ्यांदा सुरू केली की ग्राफिक्स कार्ड हरवते

रात्रपाळी : पास-थ्रूने, म्हणजे थेट व्हीएमच्या ताब्यात, दिलेले ग्राफिक्स कार्ड पहिल्या वेळी उत्तम चालते, परंतु व्हीएम बंद करून पुन्हा सुरू केली की पडदा काळाच राहतो आणि अख्खे यंत्र रीबूट केल्याशिवाय कार्ड सापडत नाही. याच यंत्रावर घरातल्या सगळ्यांच्या फायली आहेत, त्यामुळे दर वेळी रीबूट करणे शक्य नाही. माझे दोन रविवार यात गेले. सर्व सेटिंग्ज बरोबर आहेत. कृपया थेट उपाय सांगावा, पास-थ्रू म्हणजे काय हे समजावू नये.

खटपट्या : कार्ड कोणते, कर्नल (लिनक्सचा गाभा) कोणते आणि लॉगमध्ये काय उमटते, यांपैकी एकही गोष्ट आपण सांगितलेली नाही. ‘सर्व सेटिंग्ज बरोबर आहेत’ असे वाचले की मला धास्तीच वाटते.

जुना_सर्व्हर : एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्र डिस्कवर बसवाव्यात. मी कित्येक वर्षे तसेच करतो आणि मला कधीही त्रास झालेला नाही.

रात्रपाळी : ते विचारलेच नव्हते. कार्ड एएमडीच्या नावी १० चिपचे, कर्नल ६.१. लॉगमध्ये ‘अननोन पीसीआय हेडर टाइप १२७’ अशी ओळ येते. यावरून काही कळते का?

खटपट्या : पुष्कळ कळते. बसवरचे (कार्डे जोडणाऱ्या मार्गावरचे) उपकरण उत्तर देईनासे झाले की वाचलेला प्रत्येक बिट १ येतो. हेडर टाइप या प्रकार सांगणाऱ्या नोंदीच्या आठ बिटांपैकी वरचा वेगळ्या कामाचा असल्याने तो वगळला की उरलेल्या सातांचे १२७ होतात. म्हणजे हा कुठला प्रकार नव्हे, कार्ड गप्प झाल्याची खूण आहे. एलएसपीसीआय या उपकरणांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत त्या कार्डापुढे ‘रेव्ह एफएफ’ दिसत असेल, तेही त्याचेच लक्षण. व्हीएम सुरू होताना व्हीएफआयओ (कार्ड व्हीएमकडे सोपवणारा कर्नलचा भाग) कार्ड रीसेट करू पाहते. त्यासाठी एफएलआर (फक्त त्या उपकरणापुरते रीसेट) ही सरळ वाट, पण ती अनेक ग्राफिक्स कार्डांत नसते. मग बस रीसेटवर भागवावे लागते आणि नावी १० त्यातून नीट सावरत नाही. अशा चिपांसाठी ‘व्हेंडर-रीसेट’ नावाचे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) आहे, ते घालून पाहावे.

मुळशीकर : कर्नलबाहेरचे मॉड्यूल घालण्याची मुळीच गरज नाही. कार्ड पीसीआय यादीतून काढावे, आरटीसीवेक या ठरल्या वेळी जागे करणाऱ्या आज्ञेने यंत्र पाच सेकंद झोपवावे आणि जागे झाल्यावर रीस्कॅन करावे. झोपेत कार्डाचा वीजपुरवठा तुटतो, म्हणून ते खरोखर नव्याने सुरू होते. माझ्याकडे हे दर वेळी चालते.

खटपट्या : आपल्याकडे चालत असेल, पण यंत्र झोपले की घरातल्यांच्या फायलीही झोपणार, आणि प्रश्नकर्त्याची तक्रार नेमकी तीच आहे.

मुळशीकर : पाच सेकंदांनी कोणाचे घर बुडत नाही. कर्नल अद्ययावत केल्यावर आपले मॉड्यूल बांधले गेले नाही, तर त्या रात्री काय करणार, तेही सांगावे.

रात्रपाळी : एक सांगायचे राहिले. ते मॉड्यूल मी गेल्याच महिन्यात घातले आहे. उपयोग शून्य.

खटपट्या : हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. कर्नल ५.१५ पासून प्रत्येक पीसीआय उपकरणाच्या सिसएफएस फोल्डरमध्ये (कर्नल आपली माहिती फायलींच्या रूपात दाखवते तिथे) ‘रीसेट_मेथड’ ही फाइल असते आणि तिच्यात नोंदलेलीच पद्धत वापरली जाते. तिच्यात काय आहे ते वाचून सांगावे. बहुधा नुसते ‘बस’ असेल. मॉड्यूल लोड झाल्यानंतर तिथे ‘डिव्हाइस_स्पेसिफिक’ लिहिले नाही, तर मॉड्यूलला कोणी विचारतच नाही. त्याआधी यंत्र एकदा रीबूट करावे, कारण अडकलेले कार्ड यानेही सुटणार नाही.

रात्रपाळी : फाइलमध्ये ‘बस’ एवढाच शब्द होता. रीबूट करून तो बदलला. व्हीएम तीनदा बंद-चालू केली, तिन्ही वेळा चित्र आले. एकदा तर मुद्दाम फोर्स ऑफ केली. मात्र आज सकाळी वीज गेली, यंत्र परत सुरू झाले आणि फाइलमध्ये पुन्हा ‘बस’.

खटपट्या : ती नोंद टिकत नाही. व्हीएम सुरू होण्याआधी ती लिहिणारा यूडेव्ह नियम (उपकरण सापडताच आपोआप चालणारा) करावा आणि मॉड्यूल त्याच्याही आधी लोड होईल असे पाहावे.

जुना_सर्व्हर : दोन डिस्क असत्या तर हा नियमही लिहावा लागला नसता.

रात्रपाळी : नियम लिहिला. मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला. फाइलमध्ये ‘डिव्हाइस_स्पेसिफिक’ आहे आणि व्हीएम दोनदा चालू झाली. मेन स्विच पाडल्याबद्दल घरात बोलणी बसली, ती वेगळी.