तह झाल्यावर पकडलेलं 'नॉटिलस': दोष कोणाचा?

दर्याकिनारा: 30 जून 1815. वॉटर्लू होऊन बारा दिवस झालेले. जावा बेटावरच्या अंजेर बंदराजवळ अमेरिकेच्या 'पीकॉक' या युद्धनौकेने कंपनी सरकारच्या आरमाराचं, म्हणजे बॉम्बे मरीनचं, 'नॉटिलस' पकडलं. 14 तोफांचं छोटं ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. ब्रिटन-अमेरिका युद्ध फेब्रुवारीतच मिटलं होतं. दूरच्या समुद्रांत जहाजं पकडणं थांबवायला तहात जास्तीत जास्त 120 दिवसांची मुदत होती, तीही 17 जूनला सरली. नॉटिलसच्या लेफ्टनंट बॉइसने तह झाल्याचं ओरडून सांगितलं. पीकॉकचा कॅप्टन वॉरिंग्टन म्हणाला, मग निशाण उतरव, म्हणजे शरण ये. बॉइसने नकार दिला. तोफांच्या माऱ्यात नॉटिलसवरचे सहा मेले, बॉइसचा पाय गेला. माझ्या लेखी ही निव्वळ दांडगाई.

तांडेल: वॉरिंग्टन जानेवारीत न्यूयॉर्कहून निघालेला. तहाची बातमी त्याला कळणार कुठून? आणि सांगतंय कोण, तर शत्रू! समोर अंजेरचा किल्ला, जावा इंग्रजांच्या ताब्यात. 'तह झालाय' म्हणत ब्रिग किल्ल्याच्या तोफांखाली सरकलं असतं, तर हा बसला असता हात चोळत.

दर्याकिनारा: अहो, किनाऱ्यावरून गेलेली माणसं त्याच्याच जहाजावर होती की! त्यांना खाली कोंडण्याऐवजी नीट विचारायचं होतं. आणि भीती कशाची? पीकॉकच्या एका बाजूच्या तोफा 300 पौंडांहून जास्त लोखंड फेकायच्या, नॉटिलसच्या जेमतेम शंभरेक.

तांडेल: त्या माणसांनी काय सांगितलं आणि कधी, यावर दोन्ही बाजूंच्या जबान्या जुळत नाहीत. त्यातली इंग्रजांचीच खरी धरायची?

पागोळी: मला बॉइसचंच कोडं पडलंय. तिप्पट ताकद समोर, तह झाल्याची खात्री. निशाण उतरवलं असतं तर कागद दाखवून तासाभरात पुन्हा चढवता आलं असतं. जहाजावर देशी खलाशीही होते. त्यांना त्या निशाणाचं काय पडलं होतं? इभ्रत साहेबाची, जीव गेला भलत्याचा.

दर्याकिनारा: न लढता निशाण उतरवलं असतं तर बॉइसला वरच्यांपुढे जाब द्यावा लागला असता. खलाशांबद्दल म्हणता ते मान्य. पण दुसऱ्या दिवशी वॉरिंग्टनने तहाची खातरजमा करून ब्रिग परत दिलं. तीच खातरजमा आदल्या दिवशी करायला काय हरकत होती? एक होडी पाठवायची, बस.

तांडेल: होडी परत येईपर्यंत ब्रिग किल्ल्याखाली पोचलं असतं.

पागोळी: मग पोचू द्यायचं. एक ब्रिग निसटलं असतं, एवढंच ना?