हर्णैचा कुरव: काळ्या डोक्याचा की तपकिरी? लवकर सांगा

कांदळ_७:
हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी काढलेला कुरवाचा (सीगलचा) फोटो टाकलाय. पहिल्या वर्षाचा आहे, तेवढं मलाही कळतं. जात कोणती? पुस्तकात दोन्ही सारखेच दिसतात. पक्ष्यांची यादी आज रात्रीच पाठवायची आहे, तेव्हा भाषण नको.

दुर्बीणवाली:
उडतानाचा फोटो आहे का? थंडीत दोघांचंही डोकं पांढरं आणि डोळ्यामागे काळसर ठिपका. बसलेल्या पक्ष्यावरून मी तरी नाव देणार नाही.

मिऱ्याकडचा:
एवढं काय त्यात! डोळा पांढरट असेल तर तपकिरी डोक्याचा, काळा असेल तर काळ्या डोक्याचा. मिरकरवाड्याला रोज बघतो.

दुर्बीणवाली:
अहो, पांढरट डोळा वयात आलेल्याचा. पहिल्या हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्याचाही डोळा गडदच असतो. तुमच्या हिशोबानं सगळी तरणी पोरं एकाच जातीत जातील.

लेन्सवाला:
फोटो फार लांबून काढलाय. कॅमेरा कुठला? पक्ष्यांना ३०० एमएम पुरत नाही, १५०-६०० घ्या.

कांदळ_७:
कॅमेऱ्याचं कोणी विचारलं? उडतानाचा एक आहे, जरा हललाय. टाकतो. शेपटीच्या टोकाला काळा पट्टा स्पष्ट आहे, त्यावरून ठरेल ना?

पाणकाठ:
नाही. पट्टा दोघांनाही असतो, त्यावरून वय कळतं, जात नाही. पंखाचं टोक बघा. काळ्या डोक्याच्याची पंखाची पुढची कड पांढरी असते, बाहेरच्या लांब पिसांत पांढरं भरपूर, काळं मुख्यतः कडांना आणि टोकांना. तपकिरी डोक्याच्याचं टोक रुंद काळं, बाहेरची पिसं जवळजवळ पूर्ण काळी, आणि त्याच्या आतल्या बाजूला पांढरा डाग. मोठ्या पक्ष्याला त्या काळ्यात पांढरे ठिपके असतात. पहिल्या वर्षी ते नसतात, म्हणून ठिपके शोधत बसू नका. पंख खालूनही बघा, तपकिरीवाल्याचं टोक तिथूनही काळंच दिसतं.

आक्षीचा_बंड्या:
मला तर हा तिसराच, बारीक चोचीचा कुरव वाटतोय. कपाळ बघा, कसं उतरतं आलंय. आक्षीला दिसतात असे.

पाणकाठ:
बंड्या, तुला सगळीकडे तोच दिसतो. त्याचा डोळ्यामागचा ठिपका अगदी फिकट असतो, कधी नसतोच. इथे शाई सांडल्यासारखा आहे. आणि ही चोच जाड आहे रे.

मांडवा_लाँच:
लाँचवर लोक यांना गाठ्या आणि वेफर्स चारतात, ते आधी बंद करा. तिखटमीठ खाऊन जाणार कसे परत लडाख-तिबेटला?

मिऱ्याकडचा:
मांडव्याला नवीन धागा काढा. आणि डोळ्याचं म्हणाल तर मी स्वतः बघितलंय.

दुर्बीणवाली:
मोठा बघितला असाल.

कांदळ_७:
फोटो मोठा करून बघितला. टोक काळंभोर, आत पांढरा डाग, ठिपके नाहीत, पुढची पांढरी कड नाही. तपकिरी डोक्याचा लिहिला. हेच दोन फोटो आधी टाकले असते तर एवढं रामायण झालं नसतं, मान्य, पण तुम्हीही सरळ "पंख दाखव" म्हणायचं ना!

दुर्बीणवाली:
पहिलंच वाक्य काय होतं माझं?

पाणकाठ:
यादीला उडतानाचा फोटो जोडा, हलला असला तरी. बसलेला पाठवलात तर तपासणारा हेच विचारेल.

सहकुटुंब:
हर्णैचा लिलाव किती वाजता सुरू होतो? पापलेट किरकोळ मिळतं का?