ग्लासगोच्या वॉर्डात त्यांचं मला कळत नाही, माझं त्यांना कळत नाही. काय करू?

कोल्हापूरची_सिस्टर
नमस्कार मंडळी. सात वर्षं आयसीयूत काम करून दीड महिन्यापूर्वी मी इथे आले. इंग्रजीची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले होते, पण वॉर्डात पाऊल टाकलं आणि कानात दडे बसल्यासारखं झालं. परवा एक आजी 'ऑक्स्टर' दुखतंय म्हणून तीनदा सांगत होत्या. शेवटी त्यांनीच हात वर करून काख दाखवली. त्याहून मनाला लागलं ते फोनवरचं. पेशंटच्या आडनावाचं स्पेलिंग सांगताना माझा 'पी' पलीकडे 'बी' ऐकू गेला. लॅबच्या बाईंनी जन्मतारीख विचारली म्हणून चूक सापडली. काम येतं हो मला, पण माझ्या उच्चारापायी पेशंटला काही व्हायला नको. यूट्यूबवर बहुतेक अमेरिकन उच्चारच शिकवतात. तेच शिकू का? की क्लास लावू?

उत्तरेकडची
ताई, मी ॲबर्डीनला नऊ वर्षं वॉर्डातच आहे. अमेरिकन उच्चारांच्या मागे लागू नका. अमेरिकेत 'वॉटर'मधला टी जवळजवळ आपला र होतो, ग्लासगोत तोच घशात अडतो. ते शिकून इथलं काही कळणार नाही.

आधी तुमचा 'पी'. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे पी, टी, के जोर असलेल्या अक्षरात हवा सोडत येतात. आपण कोरडे प, ट, क म्हणतो, आणि त्यांच्या कानाला कोरडा प म्हणजे ब. तळहात तोंडासमोर धरून 'पेन' म्हणा, हाताला वारा लागला पाहिजे. ओठ मिटून काढलेला फ, ठ आणि ख आपल्याकडे आहेतच, 'पेन', 'टेन', 'की' या शब्दांना तेच वापरा. एसनंतर मात्र नको, 'स्पून' आणि 'स्टॉप' कोरडेच. फोनवर 'पी फॉर पापा' असंच सांगत जा, इथलेही तसंच सांगतात.

दुसरं, आघात. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने बोलतो. इथे एका अक्षरावर जोर देतात आणि बाकीची पुसट होतात. पॅरासिटमॉलमध्ये जोर 'सी'वर, 'ट' अगदी हलका. ही पुसट अक्षरं म्हणजे बहुतेक वेळा आपला साधा अ. मी सुरुवातीला ड्रग चार्टवरचं प्रत्येक नाव टेबलावर बोट आपटत म्हणायचे, आपटी फक्त जोराच्या अक्षराला. महिनाभरात शिफ्टवरच्या मुली 'पार्डन?' म्हणायच्या थांबल्या.

व्ही_डब्ल्यू
एवढंच सांगते: 'व्हेन' म्हणजे शीर म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावा, 'वॉर्ड' म्हणताना ओठांचा चंबू करा. आपला व दोन्हींच्या मधला आहे, म्हणून गोंधळ होतो.

रेडिओवाला
कानासाठी: यूग्लिशवर शब्द टाकला की व्हिडिओंतून तो खऱ्या बोलण्यात ऐकवतात, आणि स्कॉटिश असा वेगळा पर्याय निवडता येतो. ऐकायचं, थांबवायचं, त्याच चालीत म्हणायचं. बसमध्ये बीबीसी रेडिओ स्कॉटलंड लावा, विशेषतः श्रोत्यांचे फोन घेतात तो कार्यक्रम. तिथे बोलणारे तुमच्या पेशंटसारखेच असतात.

एक सोय आहे. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी 'कार', 'नर्स' यांतला र गळतो, स्कॉटलंडमध्ये तो ठणठणीत उच्चारतात. आपला र इथे अडत नाही, तो बदलायला जाऊ नका.

आणि अर्धी अडचण उच्चाराची नाहीच, शब्दांची आहे. 'पीली-वॉली' म्हणजे फिकट, आजारी दिसणारा. 'बोक' म्हणजे उलटी किंवा ओकारी. 'स्टूकी' म्हणजे प्लास्टर. 'ग्रीटिंग' म्हणजे रडणं. 'वी' म्हणजे छोटं, पण 'आय नीड अ वी' म्हणाले तर बेडपॅन आणा. खिशात छोटी वही ठेवा. अडलं तर सरळ म्हणा, 'हा शब्द मला नवा आहे, दाखवता का?' माणसं आनंदाने सांगतात.

कोल्हापूरची_सिस्टर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कालच्या रात्रपाळीत तळहात धरून 'पेन' म्हणत बसले होते, तर शेजारच्या बेडवरच्या आजोबांनी 'लव्हली' म्हणून दाद दिली. वहीत नऊ शब्द झालेत. उत्तरेकडच्या ताई, औषधांच्या नावांत कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा ते तुम्ही कुठे बघत होता? डिक्शनरीत सगळी सापडत नाहीत.

उत्तरेकडची
डिक्शनरीत नसलं तर वॉर्डच्या फार्मासिस्टला विचारायचे. राऊंडच्या आधी ती पाच मिनिटं मोकळी असायची. तिने म्हटलेलं मी फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचे, तिला विचारून.