‘शॉट’ला मराठीत काय म्हणावे? ‘कुंकू’ शिकवताना पडलेला पेच

वर्गशिक्षिका
अकरावीच्या मुलांना मी व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांच्या आधारे चित्रपटाची भाषा शिकवते आहे. ‘कुंकू’ (१९३७) मधला, उतारवयात तरुण मुलीशी लग्न केलेले काकासाहेब आणि भिंतीवरचे घड्याळ यांचा एक भाग दाखवून मी प्रश्न दिला होता : ‘या दृश्यात किती दृश्ये आहेत?’ निम्म्या वर्गाने ‘एक’ असे उत्तर लिहिले आणि प्रश्न वाचताच चूक माझी असल्याचे माझ्या लक्षात आले. जागा आणि वेळ न बदलता जे सलग घडते तेही आपल्याकडे दृश्य, आणि कॅमेरा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत जे एका दमात टिपले जाते तेही दृश्यच. मुलांनी ‘घड्याळ हे काळाचे प्रतीक आहे’ असे लिहून पेन खाली ठेवले. मला हवे होते ते हे, की घड्याळ पडद्यावर केव्हा येते, किती वेळ राहते आणि त्याच्या आधी कोणाचा चेहरा असतो, हे त्यांनी मोजावे. ‘सीन’ आणि ‘शॉट’ या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे मराठी शब्द कोणी सुचवू शकेल का?

अनुवादक
मी पटकथांच्या अनुवादात मोठ्या भागाला ‘प्रसंग’ आणि लहान तुकड्याला ‘दृश्य’ म्हणतो. अडचण अशी, की प्रसंग म्हणजे घडलेली गोष्ट. विवाहाचा एकच प्रसंग अंगण, माजघर आणि रस्ता अशा तीन ठिकाणी पसरू शकतो. नाटकातला ‘प्रवेश’ अधिक नेमका वाटतो.

संकलनमेज
‘प्रवेश’ नको. नाटकाचा प्रेक्षक एका खुर्चीत बसून सगळा प्रवेश एकाच अंतरावरून पाहतो, तर चित्रपटात आपली जागा क्षणाक्षणाला कोणीतरी दुसराच ठरवत असतो. मुलांना नेमके हेच शिकवायचे असताना नाटकाचा शब्द हाती दिला, तर ती पुन्हा संवादांकडेच वळतील. मी अनेक वर्षे संकलनकक्षात काम केले. तिथे ‘शॉट’ आणि ‘सीन’ हेच शब्द चालतात आणि त्यांत कोणाचा गोंधळ झालेला मी पाहिला नाही.

कोशप्रेमी
चालतात म्हणून ते मराठी ठरत नाहीत. ‘दिग्दर्शक’, ‘बोलपट’ हे सावरकरांच्या नावावर सांगितले जाणारे शब्द कधीतरी नवेच होते, आणि आज ते उच्चारताना कोणी अडखळत नाही. शांतारामांची प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात उभी राहिली, १९३३ साली पुण्यास आली, आणि पुढे तिच्याच जागेत चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था झाली. त्याच महाराष्ट्रातल्या मुलांनी उसन्या शब्दांनी चित्रपट पाहावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘दृश्य’ आणि ‘दृश्यांश’ असे भेद करावेत. ‘क्लोज-अप’ला ‘निकटदृश्य’ म्हणावे.

संकलनमेज
‘बोलपट’ टिकला असे म्हणता, पण आज तो जुन्या चित्रपटांपुरताच उरला आहे. आणि ‘संकलन’ तरी कुठे बरोबर आहे? संकलन म्हणजे गोळा करणे. आमच्या कामाचा मोठा भाग टाकून देण्याचा असतो.

वर्गशिक्षिका
‘निकटदृश्य’ मी वर्गात वापरून पाहिला. ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये राजगुरूचा डोळा पडदाभर दिसतो. हिंदी आवृत्तीत तो चंद्रमोहन यांचा आहे. त्यासाठी टेलिफोटो भिंग वापरले होते, म्हणजे कॅमेरा दूर उभा होता आणि डोळा मात्र जवळ आला. एका मुलीने विचारले, ‘मग निकट कोण होते?’ मला तिचा प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण त्या डोळ्याची दहशत याच विसंगतीत आहे : आपण जवळ गेलेलो नसतो, तरी सुटका होत नाही. दृश्य केवढे दिसते आणि ते कुठून घेतले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘निकट’ हा शब्द त्यांची सरमिसळ करतो.

करवीरकर
कॅमेरा ‘टिपतो’ असे मूळ प्रश्नातच आले आहे. चिमणी दाणे टिपते, टिपकागद शाई टिपतो, शिकारी सावज टिपतो आणि छायाचित्रकार चेहरा टिपतो. ‘शूट’ आणि ‘शॉट’ यांत बंदूक आणि कॅमेरा जसे एकत्र येतात, तसे आपल्या ‘टिपणे’ मध्ये ते केव्हाच आलेले आहेत. मग एका दमात जे टिपले ती ‘टिप’ का नसावी? शब्द लहान आहे, तोंडात बसतो, आणि तो क्रियापदातून आला असल्यामुळे मुलांना आपोआप विचारावेसे वाटेल की हे कोणी टिपले आणि कुठून टिपले.

कोशप्रेमी
कल्पना सुंदर आहे, पण आपल्या लेखननियमांप्रमाणे मराठी शब्दातल्या अकारान्ताआधीचा इकार दीर्घ होतो. म्हणजे लिहिताना ती ‘टीप’ होणार आणि तळटिपेशी भिडणार. शिवाय ‘टिपे गाळणे’ आहेच.

करवीरकर
भिडू द्या. माझी आई शिवणकाम करीत असे, आणि तिच्या तोंडी ‘टीप घालणे’, ‘टीप उसवणे’ हे रोजचे शब्द होते. एकामागून एक टाके पडत जाऊन तुकडे जोडले जातात, ती टीप. संकलनाचे याहून जवळचे वर्णन मला माहीत नाही.

संकलनमेज
पण मग ती टीप म्हणजे दोन तुकड्यांमधला जोड झाली, तुकडा नव्हे. तुकड्याला आणि त्याच्या शिवणीला तुम्ही एकच नाव देत आहात, आणि दृश्यात दृश्ये मोजताना झालेली अडचण पुन्हा तिथेच येते.

करवीरकर
टाका आणि टीप यांत फरक आहे, असे आई म्हणत असे. हाताने घातला तो टाका आणि यंत्रावर सलग चालते ती टीप. कॅमेरा यंत्रच आहे.

अनुवादक
आमच्याकडे विदर्भात हाताच्या शिवणीलाही टीपच म्हणताना मी ऐकले आहे. इतर भागांत काय म्हणतात?