क्लचचं पेडल मध्येच दगा देतं: तुमचेही अनुभव सांगा

घोडबंदरवासी
काल संध्याकाळी कापूरबावडीला हिरवा लागला तरी पुढची गाडी हलेना. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. आतल्या काकू क्लच दाबून गिअरशी झटत होत्या. उतरून म्हटलं, "काकू, दोन-तीनदा भराभर दाबा आणि लगेच टाका." पडला गिअर. त्या हात दाखवून निघून गेल्या, पण मला २०१७ चा मे महिना आठवला.

माझी गाडी तेव्हा अशीच करायची. सकाळी पातलीपाड्याहून निघालं की काही तक्रार नाही. संध्याकाळी माजिवड्याच्या गर्दीत तासभर अडकलं की पेडल मऊ पडायचं, रिव्हर्स टाकताना कर्रर्र. गॅरेजला नेली की एकदम शहाणी. एका ठिकाणी क्लच प्लेट बदलली, अकरा हजार गेले, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्यातून दोनदा बाबांना डायलिसिसला न्यायचं असायचं, त्यामुळे जीव टांगणीला.

शेवटी कळव्याच्या एका वयस्कर मेकॅनिककाकांनी पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, "कधी होतं? थंड असताना की तापल्यावर? पाय झटक्यात मारता की हळू?" मग मोकळ्या जागेत इंजिन चालू, ब्रेकवर पाय, पहिला गिअर, आणि क्लच अगदी सावकाश दाबून ते धरून बसले. मिनिटभरात इंजिन दबायला लागलं, गाडी पुढे ओढ घेऊ लागली. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की क्लचकडे ऑइल ढकलणारी नळकांडी, तिचं रबरी सील आतल्या आत ऑइल सोडत होतं. बाहेर एक थेंब नाही, ऑइलच्या डब्यातली पातळी जशीच्या तशी, मग दिसणार कुणाला? झटक्यात दाबलं की सील पकडायचं. गर्दीत आपण हळू दाबतो आणि धरून ठेवतो, तिथे सुटायचं. त्यांनी डब्यात फडक्याचं टोक बुडवून दाखवलं, काजळासारखं काळं आलं, झिजलेल्या रबरामुळे.

तुमचंही असं काही झालं असेल तर लिहा. कुणाच्या तरी कामी येईल.

खारघर_३५
माझी जुनी, केबलवाली (ऑइल नाही, तारेने क्लच ओढणारी). पेडल महिनाभर जड होत गेलं, मला वाटलं माझाच गुडघा. मग उत्सव चौकात 'टक' आणि पेडल खाली ते खालीच. बघितलं तर लिव्हरकडच्या टोकाला केबलच्या तारा झाडूसारख्या पिंजलेल्या. एकेक तार तुटत होती म्हणून कधी नीट, कधी नाही.

ऐरोलीची_ताई
मला तर गॅरेजमध्ये तोंडावर सांगितलं, "मॅडम, तुम्ही हाफ क्लचवर चालवता," म्हणजे पेडल अर्धं दाबून. बारा वर्षं चालवतेय मी. दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा पेडल खाली चिकटून राहिलं तेव्हा ऐरोली पुलाच्या अलीकडे बाजूला घेतली आणि व्हिडिओ काढला. पायाच्या बोटांनी पेडल वर ओढताना स्पष्ट दिसतंय. तो दाखवल्यावर गप्प झाले. गाडी वर उचलून स्लेव्ह सिलिंडरचं (गिअरबॉक्सकडचा, ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) रबरी टोपण मागे सारलं तर आत ऑइल साठलेलं. टोपणात अडकत होतं म्हणून जमिनीवर डाग नाही.

घोडबंदरवासी
ताई, व्हिडिओचं फार चांगलं केलंत. खूप राग आला वाचून.

सानपाडा_से१५
+१ ताई. माझ्या बायकोलाही हेच ऐकवलं होतं.

मितान
पायाखालची मॅट बघा आधी!! पावसाळ्यात रबरी मॅटवर अजून एक टाकली होती, ती सरकून पेडलमागे जायची. पेडल पूर्ण जात नव्हतं म्हणून गिअर पडेना. ब्रेकखाली गेली असती तर... अंगावर काटा येतो. कुकरची शिट्टी झाली, येते.

तुर्भे_स्टोअर्स
आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे म्हणून दोन शब्द. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचा ऑइलचा डबा एकच असतो, आणि क्लचची नळी त्यात वरच्या बाजूला. पातळी उतरली की आधी क्लच हवा ओढतो, ब्रेक मागून. म्हणून क्लच मऊ पडला तर ब्रेकचं ऑइलही त्याच दिवशी बघा. नुसतं भरून गप्प बसू नका, गेलं कुठे ते शोधा. शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा पितं. नवं डॉट ४ (या ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलं की ती हद्द १५५ पर्यंत उतरते. आपल्याकडच्या दमट हवेत दोन वर्षांनी बदललेलं बरं. आणि उरलेली उघडी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका, कळकळीने सांगतो.

खारघर_३५
काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच असतो ना?

तुर्भे_स्टोअर्स
हो. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी तीच, त्यामुळे प्लेट अर्धी संपलेली असेल तर तेव्हाच बदलून घ्या.

जुना_वाशीकर
वाशी टोलनाक्याच्या रांगेत किती क्लच जळाले असतील! ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना टोल नाही, पण खाडीपुलावरची गर्दी आहेच. मी ऑटोमॅटिक घेतली, डावा पाय सुखी.

मितान
काका, कुठली घेतलीत? आमच्याकडेही विषय चालू आहे. सासूबाईंना चढायला उंच नको.

जुना_वाशीकर
व्यनि (खासगी निरोप) करतो.

कोलशेत_रात्रपाळी
घोडबंदरवासी, बाबा कसे आहेत आता?

घोडबंदरवासी
२०१९ ला गेले. शेवटपर्यंत त्याच गाडीने नेलं, एकदाही अडली नाही. विचारलंत, बरं वाटलं.

कोलशेत_रात्रपाळी
🙏
माझ्या गाडीला आठवडाभर थोडं तसंच वाटतंय. आत्ता सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत तुमच्या काकांसारखं करून पाहिलं. ब्रेकवर पाय, सावकाश दाबून धरला. चाळीसपर्यंत मोजलं आणि गाडीने ओढ घेतली.

तुर्भे_स्टोअर्स
उद्या ती गाडी घेऊन कामावर जाऊ नका. ब्रेकचं ऑइल आत्ताच बघा, टॉर्च लावून. पातळी किती आहे ते इथे लिहा, मी जागा आहे.